गोळ्यांचे हजेरीपत्रक

दसऱ्याआधी घर झाडायला काढले की आमच्या माळ्यावरची एक पत्र्याची पेटी दरवर्षी खाली येते आणि न उघडताच पुन्हा वर जाते. यंदा मी ती उघडली. वरती वडिलांची तंबाखूच्या वखारीतली जुनी पावतीपुस्तके होती. त्यांच्याखाली शाळेच्या हजेरीपत्रकासारखे आखलेले एक लांबट रजिस्टर निघाले. आत मुलांची नावे नाहीत, नाव एकच, माझ्या धाकट्या भावाचे. जून १९९७ ते फेब्रुवारी २००३. रोजचे दोन रकाने, सकाळची गोळी आणि रात्रीची गोळी. घेतली तर उभी रेघ, चुकली तर फुली. अक्षर माझे आहे. शिक्षकाचे अक्षर लपत नाही.

त्याला आपण बाळू म्हणू. १९९५ साली कॉलेजच्या शेवटच्या वर्षात असताना त्याला वाटू लागले, की कुणीतरी आपल्यावर पाळत ठेवून आहे. रेडिओवरच्या बातम्यांत त्याला आपले नाव ऐकू येई. निपाणीत जे जे करायचे असते ते सारे आम्ही केले. देवस्की झाली, अंगारे झाले, आणि मग डॉक्टर. स्किझोफ्रेनिया हा शब्द मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. औषध सुरू झाले आणि महिन्याभरात बाळू माणसांत आला. आईने सत्यनारायण घातला. सात-आठ महिने बरे गेले आणि पुन्हा तेच सुरू झाले. मात्रा वाढली, पुन्हा काही महिने बरे, पुन्हा घसरण.

आमच्या घरात या कोड्याचे उत्तर एकच होते: हा गोळ्या थुंकतो. वडील वारले होते, मी थोरला, त्यातून शिक्षक. मी रजिस्टर आखले. औषधाच्या दुकानदाराने सांगितलेले ‘ऊटा आद मेले’ पाळून जेवण झाले की मी समोर उभा राहायचा, गोळी गिळायला लावायचा, तोंड उघडायला लावून जीभ वर करायला सांगायचा. तरी तो आजारी पडला की म्हणायचा, “घेतलो की दादा. शपथ, घेतलो.” आणि मी पाव्हण्यांदेखत म्हणायचा, “खोटं बोलू नकोस. तुझ्यापायी आई खंगली.” ज्याला पाळतीचा भ्रम होता, त्याच्यावर मी सहा वर्षे खरोखरीची पाळत ठेवली, हे मला पुष्कळ उशिरा सुचले.

२००३ साली एका नव्या डॉक्टरांकडे गेलो. मी रजिस्टर अभिमानाने पुढे केले. त्यांनी ते चाळले, मिटले आणि दोन प्रश्न विचारले. हा दिवसाला विड्या किती ओढतो? आणि तुम्ही दोघे दिवसातले किती तास एका खोलीत असता? मला राग आला. म्हटले, “डॉक्टरसाहेब, औषधाचं बोला.” ते म्हणाले, “औषधाचंच बोलतोय, सर.”

मी वैद्यकातला नाही. एम. ए. झालो तो इतिहास घेऊन. पण प्रश्न कुठून आला हे शोधायची खोड त्या विषयाने लावली आहे, म्हणून हे दोन प्रश्न कुठून आले ते मी पुढची कित्येक वर्षे, जमेल तसे, मिळेल तिथून वाचत गेलो. वाचकहो, पुढे लिहिले आहे ते त्या वाचनातले. ते वाचून कुणी आपली वा घरच्यांची मात्रा कमीजास्त करू नये, एवढी विनंती आधीच करून ठेवतो.

कथा सुरू होते ती वेड्यांच्या इस्पितळात नव्हे, युद्धात. १९४२ साली जपानने जावा बेट घेतले आणि दोस्त राष्ट्रांना मिळणारे कोयनेल जवळजवळ बंद झाले. पॅसिफिकमध्ये आणि ब्रह्मदेशात सैनिक गोळ्यांपेक्षा हिवतापाने जास्त आडवे होत होते. पर्याय म्हणून अ‍ॅटाब्रिन नावाची पिवळी, कडू गोळी दिली जाई. ती कुणाला लागू पडे, कुणाला नाही. अधिकाऱ्यांचा निष्कर्ष माझ्यासारखाच होता: जवान गोळ्या फेकून देतात. पुष्कळदा ते खरेही होते. ब्रह्मदेश आघाडीचा सेनापती स्लिम याने पलटणींची अचानक तपासणी सुरू केली आणि ९५ टक्क्यांहून कमी जवानांत औषध सापडले तर त्या पलटणीच्या प्रमुखालाच घरी पाठवले. तीन जणांना काढावे लागले, असे त्याने पुढे नमूद केले आहे. आपल्या बेळगावच्या मराठा पलटणीचे जवानही त्या आघाडीवर होते. त्यांच्याही जिभेवर ती पिवळी गोळी पडली असणार.

त्याच सुमारास न्यूयॉर्कच्या गोल्डवॉटर इस्पितळात जेम्स शॅनन आणि बर्नार्ड ब्रोडी यांनी दुसरा प्रश्न विचारला. गोळी पोटात गेली हे मान्य, पण रक्तात किती पोचली? रक्तातले अ‍ॅटाब्रिन मोजण्याची रीत त्यांनी बसवली आणि दिसले असे, की हे औषध शरीराच्या पेशींत मुरत राहते आणि रक्तात पुरेसे साठायला फार दिवस लागतात. तेव्हा पहिल्या दिवशी मोठी मात्रा आणि मग रोज थोडी, असा क्रम त्यांनी घालून दिला. मात्रा आणि परिणाम यांच्यामध्ये रक्तातले प्रमाण नावाची एक पायरी आहे आणि ती माणसागणिक वेगळी असते, हे या कामातून पक्के झाले. शिस्तीच्या प्रश्नाशेजारी शरीराचा प्रश्न येऊन बसला. माझ्या रजिस्टरात त्या पायरीसाठी रकानाच नव्हता.

मनाच्या आजारावरची औषधे आली ती त्यानंतर दहा वर्षांनी. १९५२ साली पॅरिसच्या सेंट-अ‍ॅन इस्पितळात डिले आणि डेनिकर यांनी क्लोरप्रोमाझिन रुग्णांना दिले. साखळ्या, थंड पाण्याचे हौद आणि विजेचे झटके यांच्या जागी गोळी आली, हा केवढा पालट! पण त्याच वर्षी बाझलमध्ये जे घडले त्यात आपलाही वाटा आहे. सर्पगंधेची मुळी आपल्याकडे वेडावर आणि निद्रानाशावर पिढ्यान्‌पिढ्या दिली जात होती. १९३१ साली कलकत्त्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी ती उन्मादावर आणि रक्तदाबावर चालते असे लिहिले. १९४९ साली मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या रुग्णांवरचे आपले अनुभव इंग्लंडच्या हृदयरोगविषयक नियतकालिकात छापले, आणि मग जगाचे डोळे उघडले. १९५२ साली सीबा कंपनीने त्या मुळीतून रेसर्पिन वेगळे काढले. १९५४ साली नेथन क्लाइन यांनी ते न्यूयॉर्कजवळच्या मनोरुग्णालयात वापरले.

रेसर्पिनने एक नवेच कोडे घातले. औषध रक्तातून निघून जाई आणि परिणाम मात्र कित्येक दिवस टिकून राही. हे कोडे ब्रोडी यांच्याच प्रयोगशाळेत १९५५ साली सुटत गेले. रेसर्पिन मेंदूतील सेरोटोनिनसारख्या द्रव्यांची कोठारे रिकामी करते. ती भरायला वेळ लागतो, तोवर परिणाम चालूच. गाडी धडक देऊन पसार व्हावी तसे हे औषध, असे ब्रोडी म्हणत. म्हणजे औषध शरीरात किती वेळ असते आणि ते किती वेळ काम करते, हे दोन वेगळे प्रश्न. आमच्या घरी तर तिसराच धरून बसलो होतो: ते तोंडात गेले का?

मग शरीरात औषधाचे होते काय? बहुतेक औषधे यकृतात मोडली जातात. यकृत हा भेदभाव करीत नाही. गोळी औषधाची की विषाची, परकी वस्तू आली की ती पाण्यात विरघळेल अशी करून लघवीवाटे बाहेर लोटायची, एवढेच त्याला कळते. हे काम करणारी एन्झाइमे सगळ्यांकडे सारखी नसतात, याचा पहिला मोठा पुरावा क्षयाच्या औषधाने दिला. आयसोनायझिड १९५२ मध्ये आले आणि काही रुग्ण ते भराभर निकामी करतात, काही सावकाश, असे दिसले. इंग्रज डॉक्टर डेव्हिड प्राइस इव्हान्स यांनी १९६० मध्ये कुटुंबेच्या कुटुंबे तपासून हे आनुवंशिक असल्याचे दाखवले. युरोपातील साधारण निम्मे लोक मंद, जपानी लोकांत मंद फार थोडे.

हेच प्राइस इव्हान्स पुढे स्वीडनमध्ये फोल्के शक्विस्ट यांच्या गटाबरोबर दिसतात, आणि इथे कथा पुन्हा मनाच्या औषधाकडे येते. शक्विस्ट यांना आढळले होते, की नैराश्यावरच्या एकाच औषधाची एकच मात्रा दिली तरी रक्तातले प्रमाण एका माणसात दुसऱ्याच्या दहा पटींहून अधिक असू शकते. दहा पटी! माझ्या शाळेत एका मुलाला एक पोळी आणि शेजारच्याला दहा वाढल्या तर पालक मला जाब विचारतील. १९६९ साली या मंडळींनी जुळ्यांच्या ३९ जोड्या घेतल्या, १९ एकसारख्या आणि २० साध्या. सगळ्यांना वजनाच्या प्रमाणात नॉर्ट्रिप्टिलिन आठ दिवस दिले. दुसरे काही औषध न घेणाऱ्या एकसारख्या जुळ्यांच्या रक्तातले प्रमाण जवळजवळ तंतोतंत जुळले. साध्या जुळ्यांचे जुळले नाही. म्हणजे आनुवंशिकता आहेच. पण मला त्या निबंधातली दुसरी गोष्ट अधिक भावते. एकसारख्या जुळ्यांतही, एकाने दुसरे एखादे औषध घेतलेले असेल, उदाहरणार्थ झोपेसाठी बार्बिट्युरेट, तर जोडी फुटायची. रक्त एकच, यकृत एकच, पण जगणे वेगळे झाले की आकडाही वेगळा.

पुढची गोष्ट वर्गात सांगितली की मुलांना फार आवडते. मे १९७५. लंडनच्या सेंट मेरीज इस्पितळाच्या वैद्यकीय महाविद्यालयातील रॉबर्ट स्मिथ यांनी सहकाऱ्यांसह डेब्रिसोक्विन हे रक्तदाबाचे औषध स्वतःच घेऊन पाहिले. बाकीच्यांना काही झाले नाही. स्मिथ यांचा रक्तदाब इतका उतरला की त्यांना उभे राहता येईना. गुरुजींवरच प्रयोग उलटला. पण त्यांच्या लघवीच्या तपासणीत औषध जवळजवळ जसेच्या तसे निघाले आणि ते मोडणारे एन्झाइम त्यांच्याकडे कामच करीत नाही हे कळले. याच सुमारास बॉनमध्ये मिशेल आयखेलबाउम यांना स्पार्टीन नावाच्या दुसऱ्या औषधावर नेमके असेच दिसले. दोघांचा चोर एकच ठरला, ज्याला आज सीवायपी२डी६ म्हणतात. मनोविकारांवरची निम्मीअधिक नसली तरी पुष्कळ औषधे त्याच्या हातून जातात. युरोपात शंभरातील पाच ते दहांकडे हे एन्झाइम निकामी असते, आपल्याकडे त्याहून कमी जणांकडे. उलट टोकाचीही माणसे आहेत. स्वीडनमधील एका नैराश्यग्रस्त बाईला नेहमीच्या कित्येक पट मात्रा दिल्याशिवाय गुणच येईना. १९८५ मध्ये तिची हकिकत छापली गेली, आणि १९९३ मध्ये कारण सापडले: त्या एन्झाइमचे जनुक तिच्याकडे जादा होते, तिचे यकृत गोळी आली की फस्त करीत होते. १९८५ च्या आधी ती आमच्या घरात असती तर मी तिलाही जीभ वर करायला लावली असती.

आता डॉक्टरांच्या पहिल्या प्रश्नाकडे. विडीचा आणि गोळीचा काय संबंध? निपाणीच्या माणसाला तंबाखूबद्दल नवे ते काय सांगायचे. आमच्या गावची चूल त्यावर पेटली, वडिलांचा सारा जन्म वखारीतल्या खकाण्यात गेला. पण हे आम्हाला ठाऊक नव्हते. १९५६-५७ च्या सुमारास अमेरिकेत विस्कॉन्सिन येथे अ‍ॅलन कॉनी आणि मिलर दांपत्य यांना दिसले, की जळक्या पदार्थांतील काही कर्बयुक्त द्रव्ये उंदरांना दिली की त्यांच्या यकृतातील एन्झाइमे वाढतात. १९७२ मध्ये कॉनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सिगारेट ओढणाऱ्यांना फेनासेटिन हे वेदनाशामक देऊन पाहिले. न ओढणाऱ्यांपेक्षा त्यांच्या रक्तात ते फारच कमी सापडले. १९७४ मध्ये बॉस्टनहून बातमी आली, की क्लोरप्रोमाझिन घेणाऱ्यांपैकी जे जास्त सिगारेटी ओढतात त्यांना गुंगी कमी येते. आज हे स्पष्ट आहे, की क्लोझापिन आणि ओलान्झापिन ही औषधे मोडणारे एन्झाइम धुराने चेतवले जाते. निकोटीनने नव्हे, धुराने. तंबाखू मळून खाणाऱ्याला हे लागू नाही. आणि उलटेही तितकेच धोक्याचे: रुग्ण इस्पितळात भरती होऊन विडी एकदम सुटली, तर आठवड्याभरात तीच मात्रा रक्तात चढू लागते.

बाळू दिवसाला दोन कट्टे ओढत होता. केव्हा? डॉक्टरांनी विचारले तेव्हा आईने सांगितले, “दादा शाळेतून यायच्या वेळेला सुरू करतोय.”

ताप, जंतुसंसर्ग यांनीही यकृताचे हे काम मंदावते. खाणे, वय, दुसरी औषधे यांचाही हात लागतो. सगळे इथे सांगत बसत नाही. एका औषधाचे मात्र सांगायला हवे, कारण त्याची तऱ्हाच निराळी. लिथियम यकृताच्या वाटेला जातच नाही. ते मिठाच्या भावकीतले. मूत्रपिंडे ते मिठासारखे गाळतात. ऑस्ट्रेलियाचे जॉन केड जपान्यांच्या चांगी येथील कैदेत तीन वर्षांहून अधिक काळ राहून परतले आणि मेलबर्नजवळच्या बंडूरा इस्पितळात गिनीपिगांवर प्रयोग करता करता त्यांना लिथियम सापडले. मार्च १९४८ मध्ये त्यांनी ते उन्मादाच्या एका रुग्णाला दिले. पाच वर्षे धिंगाणा घालणारा तो पन्नाशीचा गृहस्थ काही महिन्यांत घरी जाऊन कामाला लागला. १९४९ मध्ये केड यांनी दहा उन्मादी रुग्णांची हकिकत छापली. पण त्या पहिल्या माणसाचा शेवट गोड नाही. घरी गेल्यावर त्याने औषध सोडले, पुन्हा आजारी पडला, पुन्हा औषध सुरू झाले, आणि १९५० मध्ये लिथियमच्याच विषबाधेने तो गेला. त्याच १९४९ साली अमेरिकेत हृदयविकाराच्या रुग्णांना मिठाऐवजी लिथियम क्लोराइड वापरायला दिले गेले आणि काही जण दगावले. त्यांचे मीठ तोडलेले होते. शरीरात मीठ कमी पडले की मूत्रपिंडे लिथियमलाच मीठ समजून धरून ठेवतात. उन्हाळ्यात घाम, जुलाब, उलट्या, एकदम अळणी खाणे, यांपैकी काहीही झाले तर कालची योग्य मात्रा आज विषारी होते. केड यांच्याकडे रक्तातले लिथियम मोजायची सोय नव्हती. डेन्मार्कच्या मॉगेन्स शौ यांनी १९५४ च्या चाचण्यांत ते मोजले.

शौ यांच्याविषयी मला विशेष जिव्हाळा आहे. त्यांच्या भावाला पुनःपुन्हा नैराश्य येई आणि लिथियमने त्याची त्यातून सुटका झाली. लंडनच्या मायकेल शेफर्ड यांनी १९६८ मध्ये लिथियम पुढचे झटके टाळते हा दावा म्हणजे दंतकथा आहे अशी झोड उठवली आणि शौ हे भक्त आहेत, शास्त्रज्ञ नव्हेत, असा सूर लावला. १९७० मध्ये शौ आणि बास्ट्रप यांनी, रुग्णाला आणि डॉक्टरला कुणालाच माहीत नसताना अर्ध्यांच्या गोळ्या बदलून, दाव्याची शहानिशा केली. शौ बरोबर निघाले. भावाच्या आजाराचा ध्यास त्यांनीही घेतला होता, मीही. त्यांनी रक्त मोजले, मी रेघा.

आता दुसरा प्रश्न: एका खोलीतले तास. हा आला जॉर्ज ब्राउन नावाच्या समाजशास्त्रज्ञाकडून. १९५० च्या दशकात लंडनच्या मनोरुग्णालयांतून नव्या औषधांच्या जोरावर घरी सोडलेले पुरुष पुन्हा किती लवकर परत येतात, हे तो पाहत होता. दोनशेहून अधिक माणसांची नोंद होती. १९५८ मध्ये छापलेला निष्कर्ष सगळ्यांच्या अपेक्षेविरुद्ध गेला. आईवडिलांकडे किंवा बायकोकडे परतलेले लोक, भावाबहिणींकडे किंवा भाड्याच्या खोलीत राहिलेल्यांपेक्षा जास्त परतत होते. मायेच्या माणसांत राहून अधिक आजार? ब्राउनने मग घरच्या माणसांशी दीर्घ मुलाखती केल्या, ध्वनिमुद्रित केल्या, आणि त्यात टीकेची वाक्ये मोजली. काय म्हटले यापेक्षा कोणत्या सुरात म्हटले याला महत्त्व होते. वैरभाव आणि अति काळजी, सतत पाठीशी लागणे, यांचीही नोंद झाली. आधीच्या काळात काही मनोविश्लेषक आईलाच आजाराचे कारण ठरवून मोकळे झाले होते. त्याने कित्येक आयांचे आयुष्य नासले. ब्राउनचे म्हणणे तसे नव्हते. आजार कुठून आला हा त्याचा प्रश्नच नव्हता; तो परत का येतो हा होता.

१९७६ मध्ये क्रिस्टीन व्हॉन आणि ज्युलियन लेफ यांनी ब्राउनची १९७२ ची आकडेवारी आणि आपली स्वतःची एकत्र केली, एकूण १२८ रुग्ण, नऊ महिने. घर शांत असेल तर औषध घेणाऱ्यांपैकी १२ टक्के पुन्हा आजारी पडले, न घेणाऱ्यांपैकी १५. या नऊ महिन्यांत फरक नाहीच म्हटले तरी चालेल. घरात टीका जास्त आणि आठवड्याला ३५ तासांहून अधिक समोरासमोर सहवास असेल तर? औषध न घेणारे ९२ टक्के, घेणारे ५३ टक्के. टीका जास्त पण सहवास ३५ तासांहून कमी असेल तर औषध घेणाऱ्यांत १५ टक्के. ही ओळ मी वाचली आणि पुस्तक मिटून ठेवले. ५३ टक्के! गोळी नियमाने पोटात जाते आहे आणि तरी निम्मे आजारी पडताहेत. बाळू खरे बोलत होता याचा हा पुरावा नव्हे, इतिहासाच्या माणसाला एवढे कळते. पण तो खोटेच बोलतो असे धरून चालण्याचा माझा सारा आधार त्या एका आकड्याने काढून घेतला. व्हॉन आणि लेफ यांच्या मोजणीत एका मुलाखतीत सहा टीकावाक्ये झाली की घर ‘जास्त’ टीकेच्या वर्गात जाई. माझी सहा पहिल्या दहा मिनिटांत झाली असती.

कुणी म्हणेल, जास्त आजारी माणसाच्या घरीच जास्त टीका होत असणार. रास्त शंका आहे. लेफ यांनी १९८२ मध्ये तिची तपासणी केली: अशाच घरांतले, नियमित औषध घेणारे २४ रुग्ण. निम्म्यांच्या घरच्यांना आजाराची माहिती दिली, इतर कुटुंबांबरोबर बसवले, सहवासाचे तास कमी करायला मदत केली. नऊ महिन्यांत ज्या घरांत काहीच केले नव्हते तिथले निम्मे आजारी पडले. दुसऱ्या गटात जेमतेम एखादा.

आणि अंगात काय होत असते? १९७९ मध्ये निकोलस टॅरियर यांनी रुग्णांच्या घरी जाऊन त्यांच्या बोटांच्या त्वचेची वीजवाहकता मोजली. घामाबरोबर ती बदलते, मनाच्या ताणाबरोबर घाम. शांत नातेवाईक खोलीत येऊन बसला की रुग्णाची आलेखरेषा खाली येई. टीका करणारा आला की ती चढलेलीच राही.  तेव्हा ताण औषध जाळून टाकतो असे सरसकट म्हणता येणार नाही. तो दोन वाटांनी येतो. एक वाट विडीची, मोडलेल्या झोपेची, चुकलेल्या जेवणाची. तिथे खरोखरच रक्तातले औषध कमी होते. दुसऱ्या वाटेवर रक्तात औषध तेवढेच असते, पण त्याला झेलायचा मारा वाढलेला असतो.

चंदीगढचा उल्लेख केल्याशिवाय पुढे जाववत नाही. प्रा. नरेंद्रनाथ विग आणि लेफ यांनी हीच मोजणी तिथे केली आणि १९८७ मध्ये छापली. हिंदी बोलण्यातला टीकेचा सूर इंग्रजी मापाने मोजता येतो का, याचीच आधी परीक्षा घ्यावी लागली. दुभाषी मुलखातल्या आपल्या लोकांना त्यातली अडचण समजेल. आमची आई लाडात मराठी बोले आणि रागावली की तिच्या माहेरचे संकेश्वरी कन्नड बाहेर पडे. चंदीगढकडच्या साधारण पावभाग घरांतच जास्त टीका आढळली, लंडनमध्ये साधारण निम्म्या. खेड्यांत तर फारच कमी. पुन्हा आजारी पडण्याचे प्रमाणही तिथे लंडनपेक्षा कमी होते. ‘आपली कुटुंबव्यवस्था थोर’ असे भाषण यावर कुणी ठोकू नये. उरलेली पाव घरे होतीच, आणि वैरभावाचा परिणाम तिथेही तोच दिसला.

डॉक्टरांनी २००३ साली फार काही केले नाही. विड्या हळूहळू कमी करायच्या आणि त्या प्रमाणात मात्रा आपण तपासत राहू, असे ठरवले. आणि बाळूला काही महिने आमच्या आक्काकडे पाठवायला सांगितले. ब्राउनच्या यादीत भाऊबहीण चांगल्या बाजूला आहेत; मीही भाऊच होतो, पण घरात वागत होतो वडिलांच्या जागेवरून. आक्का गडहिंग्लजजवळच्या खेड्यात राहते. तिच्याकडे चार म्हशी आणि बोलायला वेळ कमी. तिने बाळूला गोळी घेतलीस का म्हणून कधी विचारले नाही; डबा तिने देवळीत ठेवला, तो आपला आपण घेई. काही महिन्यांचा बेत होता, तो तिथेच राहिला. त्यानंतरही दोनदा आजारी पडला, नाही असे नाही. पण दोन्ही वेळा मध्ये वर्षेच्या वर्षे गेली होती. यात घराचा वाटा किती, विडी सुटल्याचा किती, वयाचा किती, हे एका माणसावरून सांगता येत नाही आणि मी सांगणारही नाही.

हे रजिस्टर घेऊन मी मागच्या रविवारी त्याच्याकडे गेलो. दाखवावे की नाही, हे बसमध्ये ठरेना. त्याने ते उंबऱ्यात बसून सुरुवातीपासून चाळले. १९९९ च्या ऑगस्टमध्ये थांबला, एका तारखेवर बोट ठेवले. “ह्या दिवशी खरंच थुंकलो होतो. तू रेघ मारलायस.”

मी म्हटले, “चुकलं माझं.” कोणते, ते दोघांनीही विचारले नाही.

त्याने मागची पाने उलटून पाहिली. निम्मे रजिस्टर कोरेच होते, आखलेले, सकाळ-संध्याकाळचे दोन रकाने सकट. म्हणाला, “हे ठेवून जा, दादा. डेअरीच्या दुधाला आक्काला असलंच पाहिजे होतं.”